झामाच्या आधीची आठ वर्षं

‘हॅनिबल मोठा की सिपिओ?’ हा वाद पुन्हा पुन्हा निघतो आणि दर वेळी तो कुस्तीच्या फडासारखा रंगवला जातो. हॅनिबल उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती, सिपिओ रोमचा. एक बाजू इटलीतली कॅनीची लढाई दाखवते: इ.स.पू. २१६, एका दिवसात रोमचं अवाढव्य सैन्य वेढून कापून काढलं. दुसरी बाजू आफ्रिकेतली झामाची लढाई दाखवते: इ.स.पू. २०२, त्याच हॅनिबलला समोरासमोर चीत केलं. मग हत्ती मोजले जातात, नकाशावर बाण काढले जातात आणि शेवटी कुणीतरी एफिससची गोष्ट पंच म्हणून उभी करतं. पराभवानंतर काही वर्षांनी दोघे भेटले. सिपिओने विचारलं, सर्वश्रेष्ठ सेनापती कोण? हॅनिबल म्हणाला, आधी अलेक्झांडर, मग ग्रीक राजा पिऱ्हस, मग मी. आणि तू मला हरवलं असतंस तर? तर मी अलेक्झांडरच्याही वर. रोमन इतिहासकार लिव्हीने नोंदवलेली ही गोष्ट चटकदार आहे, पण ती खरोखर घडली असेल याबद्दल अभ्यासकांना दाट शंका आहे. तरी वाद तिच्यावरच येऊन थांबतो, कारण तिच्यात सेनापतींना गुणानुक्रम लावलेला आहे आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो.

माझं म्हणणं वेगळं आहे. सिपिओच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून झामा सगळ्यात कच्चा आहे. ती लढाई हॅनिबलने उत्तम लढवली, आणि तरीही ती हरण्याजोगीच स्थिती त्याच्या वाट्याला आली होती. ती स्थिती कुणी आणि कशी आणली, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर सिपिओला स्पेनमध्ये सेनापतिपद मिळाल्यापासून झामापर्यंतच्या, म्हणजे इ.स.पू. २१० ते २०२ या आठ वर्षांत आहे: धान्याच्या कोठारांत, कवायतीच्या मैदानांवर, ओलिसांच्या परतपाठवणीत. हा भाग रटाळ वाटतो म्हणून वादात येत नाही.

हॅनिबलच्या बाजूचे मुद्दे हलके नाहीत, ते आधी मान्य करून टाकू. झामाला त्याच्याकडे एकसंध सैन्य नव्हतंच. पहिल्या फळीत लिग्युरियन, गॉल, बॅलेरिक आणि मूर भाडोत्री. दुसऱ्या फळीत कार्थेजचे नागरिक आणि लिबियन. इटलीतून आलेले मुरलेले लोक फक्त तिसऱ्या फळीत. कॅनीला त्याच्याकडे सुमारे १०,००० घोडेस्वार होते आणि रोमकडे ६,०००. झामाला पारडं उलटलेलं होतं. दुसरं, बगलेवरून वेढण्याची विद्या सिपिओ हॅनिबलकडूनच शिकला. कॅनीच्या त्या कत्तलीतून तो तरुण अधिकारी म्हणून जिवंत सुटला होता. तिसरं, आपल्यापर्यंत आलेला इतिहास एका बाजूचा आहे. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सिपिओंच्याच घराण्याच्या आश्रयाने रोममध्ये राहिला, आणि त्याच्या माहितीचा एक धागा थेट लीलियसकडे, म्हणजे सिपिओच्या जिवलग मित्राकडे जातो. कार्थेजच्या बाजूचं लेखन उरलंच नाही. हे सगळं खरं.

पण ‘हॅनिबलकडे घोडदळ नव्हतं’ हे अशा सुरात सांगितलं जातं की जणू त्या दिवशी पाऊस पडला होता. घोडं पेंड खातं ते इथेच. कार्थेजशेजारच्या नुमिडियाचे स्वार पिढ्यान्‌पिढ्या कार्थेजसाठी लढत आले होते. ते झामाला रोमकडून का लढले? लिव्ही सांगतो की इ.स.पू. २०८ मध्ये स्पेनमधल्या बेक्युलाच्या लढाईनंतर कैद्यांची विक्री चालू असताना एक देखणा नुमिडियन पोरगा राजघराण्यातला निघाला. मॅसिव्हा त्याचं नाव, आणि मासिनिसा हा त्याचा मामा. लहान म्हणून मामाने मनाई केली असताना तो चोरून लढाईत उतरला आणि घोड्यावरून पडून पकडला गेला. मासिनिसा तेव्हा कार्थेजचा उत्तम घोडदळ-सरदार होता. सिपिओने त्या भाच्याला सोन्याची अंगठी, रुंद पट्ट्याचा अंगरखा, स्पॅनिश झगा आणि साज चढवलेला घोडा देऊन, सोबतीला स्वार देऊन परत पाठवलं. दोन वर्षांनी, कार्थेजची स्पेनमधली सद्दी संपत आल्यावर, मासिनिसाने गुप्त भेट घेऊन बाजू बदलली. केवळ भाच्यासाठी बदलली असं मानायचं कारण नाही; वारा कुठून वाहतोय हे त्याला कळत होतं. पण वारा फिरल्यावर कुणाकडे जायचं हे त्याचं आधीच ठरलेलं होतं. पुढे त्याचं राज्य गेलं, आणि सिपिओ आफ्रिकेत उतरला तेव्हा तो जेमतेम २०० स्वारांनिशी येऊन मिळाला, असं काही जुन्या लेखकांचं म्हणणं आहे. झामाला त्याच माणसाने ४,००० घोडेस्वार आणि ६,००० पायदळ आणलं. हॅनिबलचं घोडदळ हरवलं नव्हतं, ते सहा वर्षांच्या खटपटीने फोडलं गेलं होतं.

ही खटपट दर वेळी फळली असंही नाही. इ.स.पू. २०६ मध्ये सिपिओ दोन जहाजं घेऊन दुसरा नुमिडियन राजा सिफॅक्स याच्या दरबारी गेला, तिथे कार्थेजच्या हॅस्ड्रुबल गिस्कोशी एकाच बैठकीवर जेवला आणि करार करून परतला. मग हॅस्ड्रुबलने आपली मुलगी सोफोनिस्बा सिफॅक्सला दिली आणि करार वाऱ्यावर गेला. राजकारणात सिपिओ फसूही शकत होता. फरक इतकाच की एक सोंगटी गेली तर दुसरी पटावर असायची.

आता पायदळाकडे येऊ. रोमचं सैन्य म्हणजे हंगामी भरतीचे शेतकरी: शूर, चिवट, पण पुढे सरकणं आणि भिडणं यापलीकडे गुंतागुंतीची हालचाल न जमणारे. कॅनीला हेच नडलं. तेवढी मोठी फौज एकाच दिशेने ढकलली गेली, आणि वळता न आल्यामुळे मधल्या लोकांना हात उचलायलाही जागा उरली नाही. इ.स.पू. २०९ मध्ये कार्थेजचं स्पेनमधलं ठाणं न्यू कार्थेज घेतल्यावर सिपिओने लावलेला क्रम पॉलिबियसने जसाच्या तसा दिला आहे. पहिल्या दिवशी संपूर्ण शस्त्रास्त्रांसह ३० स्टेड, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर धावायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत हत्यारं घासायची, दुरुस्त करायची, तपासून घ्यायची. तिसऱ्या दिवशी विश्रांती. चौथ्या दिवशी चामड्याने मढवलेल्या आणि टोकाला गुंडी बसवलेल्या लाकडी तलवारींनी एकमेकांशी लढायचं, तशाच गुंड्यांचे भाले फेकायचे. पाचव्या दिवशी पुन्हा धावण्यापासून सुरुवात. गुंडी कशासाठी? सरावात जोर पूर्ण लागावा आणि माणूस जायबंदी होऊ नये म्हणून. ती नसेल तर शिपाई हात राखून मारतो, आणि हात राखून मारायची सवय रणांगणावर जीव घेते. त्याच वेळी शहरातले सुमारे २,००० कारागीर त्याने रोमच्या सरकारी मालकीचे ठरवले आणि त्यांना सांगितलं, युद्ध संपेपर्यंत मन लावून काम करा, मग सुटका. त्यांच्यावर देखरेख नेमून दिवसरात्र शस्त्रं घडवायला लावली. मैदानावर कवायत, किनाऱ्यावर वल्हेकऱ्यांचा सराव आणि गावात ऐरणींचा आवाज, असं चित्र पॉलिबियस उभं करतो.

या कवायतीचं फळ तीन वर्षांनी आजच्या सेव्हिलजवळ इलिपाला दिसलं, आणि सिपिओची एकच लढाई अभ्यासायची असेल तर ती झामा नव्हे, ही. कित्येक दिवस दोन्ही सैन्यं समोरासमोर नुसती मांडणी करून उभी राहायची. कार्थेजवाले आधी बाहेर यायचे, मध्यभागी त्यांचे कसलेले आफ्रिकन. सिपिओ मुद्दाम उशिरा यायचा. मध्यभागी रोमन, दोन्ही टोकांना स्पॅनिश साथीदार. शत्रूची नजर या चित्राला सरावली. मग एके दिवशी त्याने माणसांना उजाडण्यापूर्वी जेवू घातलं, घोडदळ थेट शत्रूच्या छावणीवर सोडलं आणि मांडणी उलटी केली: स्पॅनिश मध्यभागी, रोमन टोकांना. कार्थेजचं सैन्य तोंडात घास न घालता धावत बाहेर आलं. रिकाम्या पोटी लढाईला उभं राहणं म्हणजे काय, हे पानिपत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. सिपिओने स्पॅनिशांना रेंगाळत ठेवलं, त्यामुळे समोरचे आफ्रिकन ना लढू शकत होते ना बगलांच्या मदतीला वळू शकत होते. तेवढ्यात रोमन तुकड्या टोकांना रांगेतून स्तंभात आणि स्तंभातून पुन्हा रांगेत फिरल्या. ही हालचाल कॅनीच्या रोमनांना जन्मात जमली नसती.

‘रोमकडे माणसांचा कधीच न आटणारा साठा होता, सिपिओ नसता तरी ते जिंकलेच असते,’ हा विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा. पॉलिबियस हॅनिबलच्या स्वारीआधी रोम आणि मित्रांची शस्त्र उचलू शकणारी माणसं सात लाख पायदळ आणि सत्तर हजार घोडदळ इतकी देतो. एवढं भांडवल असल्यावर सेनापती कोण याने काय फरक पडतो? पण साठा कागदावर असणं वेगळं आणि तो हाताशी येणं वेगळं. कॅनीनंतर रोमला ८,००० गुलाम विकत घेऊन सैन्यात घालावे लागले. इ.स.पू. २०९ मध्ये तीस लॅटिन वसाहतींपैकी बारांनी साफ सांगितलं, आमच्याकडे आता माणूसही नाही आणि पैसाही नाही. त्याच वर्षी अडीअडचणीसाठी राखलेल्या पवित्र खजिन्यातून ४,००० पौंड सोनं काढावं लागलं. गाडं रुतत चाललं होतं. आणि माणसांनी प्रश्न सुटला असता तर तो कॅनीलाच सुटला असता. तिथे माणसं रोमचीच जास्त होती.

शिवाय सिपिओला हा साठा मिळालाच नाही. इ.स.पू. २०५ मध्ये तो कॉन्सुल (रोमचं सर्वोच्च पद) झाला आणि आफ्रिकेत उतरायची परवानगी मागितली, तेव्हा म्हाताऱ्या सेनापती फेबियसने कडाडून विरोध केला. फेबियस खुळा नव्हता. त्याच्याच सबुरीने कॅनीनंतर रोम तगलं होतं. त्याचे दाखलेही बिनतोड होते: घराशेजारचा शत्रू न मिटवता सिसिलीवर चालून गेलेलं अथेन्सचं आरमार तिथेच बुडालं, इ.स.पू. २५६ मध्ये आफ्रिकेत उतरलेला रोमन सेनापती रेग्युलस सैन्यासकट गारद झाला. हॅनिबल अजून इटलीत आहे, त्याला इथे हरवा, मग बाहेर बघा. यावर सिपिओने दिलेला उलटा दाखला ॲगॅथोक्लीसचा: स्वतःचं सिराक्यूज वेढलेलं असताना तो आफ्रिकेत उतरला आणि युद्ध कार्थेजच्या दारात नेलं. पण दाखल्यांचा हा सामना बरोबरीत सुटतो. खरं उत्तर रेग्युलसच्या पराभवाच्या कारणांत होतं. त्याच्याकडे घोडदळ अपुरं होतं, स्थानिक मित्र नव्हता, आणि यश डोक्यात गेल्याने त्याने तहाच्या अटी इतक्या कडक ठेवल्या की कार्थेजला लढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. सिपिओच्या पुढच्या दोन वर्षांचं काम बघा: एकेक भोक शोधून बुजवलेलं दिसतं.

सिनेटने परवानगी दिली, नवी सक्तीची भरती दिली नाही. मग स्वयंसेवक आले, सुमारे ७,०००. इटलीतल्या एट्रुरिया प्रांतातल्या गावांनी सामान दिलं आणि लिव्हीने त्याची यादी जपली आहे: सीरीने धान्य, पॉप्युलोनियाने लोखंड, टार्क्विनियाने शिडांचं कापड, एकट्या अरेटियमने ३,००० ढाली, ३,००० शिरस्त्राणं, वेगवेगळ्या जातींचे मिळून ५०,००० भाले आणि १,२०,००० मोडियस (रोमन धान्यमाप) गहू. जंगलातून लाकूड आल्यापासून ४५ व्या दिवशी ३० जहाजं पाण्यात उतरली. सिसिलीत घोडदळ हवं होतं. सिपिओने तिथल्या ३०० धनिक तरुणांना बोलावलं, त्यांचे चेहरे पडलेले पाहिले आणि म्हणाला, यायचं नसेल तर सांगा, मी बदली माणूस देतो. त्याला घोडा आणि हत्यारं तुम्ही द्या आणि शिकवायचंही तुम्ही. तीनशेच्या तीनशे खुशीने तयार झाले. बदली माणसं म्हणजे सिपिओसोबत आलेले, तोवर निःशस्त्र ठेवलेले ३०० निवडक रोमन. एक पैसा न खर्चता ३०० सज्ज स्वार, आणि कुणी नाराजही नाही! तिथेच कॅनीतून वाचलेल्यांच्या दोन तुकड्या होत्या, पाचवी आणि सहावी. पळून वाचले म्हणून त्यांना युद्ध संपेपर्यंत इटलीत पाय ठेवायची बंदी होती. बाकी सेनापती त्यांना कलंकित मानायचे. सिपिओने त्यांना पाठीचा कणा केलं. हॅनिबलशी लढण्याचा त्यांच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला होता?

इ.स.पू. २०४ मध्ये सिसिलीतल्या लिलिबियमहून निघताना सुमारे ४०० मालवाहू जहाजं आणि ४० लढाऊ. प्रत्येकावर ४५ दिवसांचा शिधा, त्यातला १५ दिवसांचा शिजवलेला, म्हणजे उतरल्याबरोबर चुली पेटवत बसायला नको. माणसांना आणि जनावरांना तितक्याच दिवसांचं पाणी. रात्री ओळख पटावी म्हणून लढाऊ जहाजावर एक दिवा, मालवाहूवर दोन, सेनापतीच्या जहाजावर तीन. हे तपशील वाचताना ‘प्रतिभावान की भाग्यवान’ हा वाद किती हवेतला आहे ते कळतं.

आता काळी बाजू, कारण सिपिओचे भक्त ती झाकतात. न्यू कार्थेजमध्ये शिरल्यावर त्याने सैन्याला रोमन रिवाजाप्रमाणे दिसेल त्याला मारायचा हुकूम दिला. अशा शहरांत कुत्र्यांचेही दोन तुकडे केलेले दिसतात, असं पॉलिबियसच लिहितो. त्यानंतर ३०० हून जास्त स्पॅनिश ओलिसांना भेटी देऊन घरी पाठवणारा सिपिओ तोच. आधी दहशत आणि मग दया, दोन्ही हिशेबातल्या. दक्षिण इटलीतल्या लोक्री शहरात त्याचा हाताखालचा अधिकारी प्लेमिनियस याने लूट आणि अत्याचार केले, मंदिराचा खजिनासुद्धा सोडला नाही, आणि सिपिओने त्यालाच पाठीशी घातलं. सिनेटला चौकशी बसवावी लागली. बेक्युलाला त्याच्या हातून निसटलेला हॅनिबलचा भाऊ हॅस्ड्रुबल आल्प्स ओलांडून इटलीत पोचला, आणि इ.स.पू. २०७ मध्ये मेटॉरस नदीकाठी ते निस्तरावं लागलं नीरो आणि लिव्हियस या दुसऱ्याच दोन सेनापतींना. आणि आफ्रिकेत उतरल्यावरचा युटिकाजवळचा तो हिवाळा! तहाची बोलणी चालू ठेवायची, दूतांबरोबर गुलामांच्या वेशात कसलेले अधिकारी पाठवून शत्रूच्या छावण्यांचे रस्ते आणि दारं पाहून घ्यायची, मग बोलणी रीतसर मोडल्याचा निरोप देऊन वेताच्या आणि पानांच्या झोपड्या रात्री पेटवायच्या. माणसं अंथरुणातून उठून आग विझवायला धावली आणि दारात कापली गेली. पॉलिबियस याला सिपिओचा सर्वांत तेजस्वी पराक्रम म्हणतो. मला तो परिणामकारक वाटतो, तेजस्वी नाही. पण हॅनिबलच्या चाहत्यांनी इथे नैतिक उंची गाठू नये. दबा धरून मारण्यात त्यांचा नायक गुरू होता.

झामाबद्दल मग उरतं थोडंच. ऐंशीहून जास्त हत्तींसाठी तुकड्यांमध्ये सरळ बोळ सोडले होते. कर्ण्यांच्या आवाजाने काही हत्ती उलटून आपल्याच घोडदळात घुसले. हॅनिबलने तिसरी फळी एक स्टेडहून जास्त मागे राखली, म्हणजे इलिपासारखा वेढा तिच्याभोवती पडूच शकत नव्हता. हा डाव अव्वल होता आणि सिपिओला तो मोडता आला नाही. त्याने काय केलं? प्रेतांनी आणि रक्ताने निसरड्या झालेल्या जमिनीवर लढाई मधेच थांबवली, जखमींना मागे नेलं, पुढच्या फळीचे लोक मध्यात आणि मागच्या दोन फळ्या बाजूंना आणून एक लांब रांग केली. भर रणात हे करू शकणारं सैन्य म्हणजे लाकडी तलवारींची सगळी वर्षं. मग दोन्ही बाजू तुल्यबळ झुंजत राहिल्या, आणि शत्रूच्या घोडदळाच्या पाठलागावर गेलेले मासिनिसा व लीलियस परत फिरून हॅनिबलच्या पाठीवर आले. ते आणखी उशिरा आले असते तर? काहीही होऊ शकलं असतं. म्हणूनच त्या एका दुपारवर गुणानुक्रम लावण्यात अर्थ नाही.

तहाबद्दल त्याला श्रेय देताना मात्र हात आखडावा लागतो. शहर शाबूत, कायदे त्यांचेच. १० सोडून सगळ्या युद्धनौका जमा, सगळे हत्ती जमा, ५० वर्षांत १०,००० टॅलंट, म्हणजे वर्षाला पाच टनांहून जास्त चांदी, आणि रोमच्या परवानगीशिवाय युद्ध नाही. चांदीचं ओझं कार्थेजने सहज पेललं, इ.स.पू. १९१ मध्ये ते सगळे हप्ते एकदम चुकते करायला निघाले आणि रोमनेच ‘मुदतीआधी नको’ म्हणून परत लावलं. मारक ठरली ती शेवटची अट. शेजारी बळावलेला मासिनिसा जमीन गिळत राहिला, रोम त्याचीच कड घेत राहिलं, आणि इ.स.पू. १५० मध्ये वैतागून कार्थेजने हत्यार उचललं तेव्हा करारभंगाचं निमित्त तयार होतं. इ.स.पू. १४६ मध्ये शहर जमीनदोस्त झालं, तेही त्याच्याच दत्तक नातवाच्या हातून. सिपिओने हे योजलं होतं असं म्हणता येत नाही. पण फास त्याच्या कराराचा होता, आणि ज्या मित्राने झामा जिंकून दिला त्याच्याच हातात दोरी होती.

घरी त्याच्यावर पैशांवरून खटला झाला. सिरियाच्या अँटायोकसकडून सैन्याच्या पगारासाठी आलेल्या रकमेचा हिशेब सिनेटमध्ये मागितला गेला. सिपिओने वही मागवली आणि सर्वांसमोर फाडली. म्हणाला, त्या राजाकडून १५,००० टॅलंट कुणामुळे आले ते कुणी विचारत नाही. जहाजावरचे दिवे मोजणारा माणूस स्वतःचा हिशेब दाखवणं अपमान मानू लागला होता. पंचविशीत, कुठलंही वरचं पद भूषवलेलं नसताना, लोकांनी थेट सेनापतिपद दिल्याने ही वाट उघडली होती, आणि त्या वाटेने पुढे त्याच्याहून बेफिकीर माणसं गेली. त्याला तहहयात कॉन्सुल आणि डिक्टेटर करायला निघालेल्या लोकांना मात्र त्यानेच खडसावलं होतं, असं लिव्ही सांगतो.

तो रोम सोडून कांपानियाच्या किनाऱ्यावर लिटर्नमला गेला आणि इ.स.पू. १८३ च्या सुमारास तिथेच वारला. दोन शतकांहून जास्त काळानंतर रोमन तत्त्वज्ञ सेनेका त्या घरात राहिला. घडीव दगडाचं बांधकाम, दोन्ही अंगांना संरक्षणाचे बुरूज, खिडक्यांऐवजी भिंतीत फटी असलेली अंधारी न्हाणी, असं वर्णन त्याने एका पत्रात केलं आहे. घराखाली आणि बागेखाली पाण्याचं टाकं होतं. ते एका सैन्याला पुरेल एवढं होतं, असं तो लिहितो.